म्हशीला चारलेल्या गोळ्या

अक्का, तुम्ही गेलात त्या दिवशी मला, तुमच्या धाकट्या जावेला, तुमच्यापाशी येऊ दिलं नाही. पोटुशी बाईनं मयत बघू नये म्हणे. आपल्यात सुतक नाही, गळ्यात लिंग असणाऱ्याला कसला आलाय विटाळ, असं आपल्या सासूबाई, अव्वा, ऊठसूट सांगत असतात, पण त्या दिवशी त्यांनीच मला मागच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. तुम्हाला पुढच्या सोप्यात बसवलं होतं, भस्म लावून, हार घालून, हे मला नंतर कळलं. मला नुसती भजनाची झांज ऐकू येत होती. नववा महिना तोंडावर आलेली बाई मी, दाराला कान लावून उभी, आणि डोक्यात काय, तर आपलं भांडण अर्धंच राहिलं. बस, एवढंच. रडायचंसुद्धा सुचलं नाही.

आता मी उदगीरहून लातूरला, माहेरी आले आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच. येताना यष्टीत तुम्ही शेजारी बसणार, दर गचक्याला ड्रायव्हरचा उद्धार करणार, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. सोबत हे आले. ह्यांना कुणाचा उद्धार करता येत नाही, त्यामुळे गचके सगळे माझ्या कमरेनं सोसले. इथं घरात कुणी तुमचं नाव काढत नाही. आई म्हणते, गेलेल्या माणसाचा विचार करू नको, पोरावर परिणाम होतो. मी मान हलवते आणि पुन्हा तुमचाच विचार करत बसते. तुमच्याबद्दल बोलायची बंदी आहे, म्हणून लिहिते आहे. लिहिण्याबद्दल अजून कुणी काही म्हणालेलं नाही.

मला भीती वाटते, अक्का. घरात हे कुणाला सांगता येत नाही, कारण सांगितलं की सगळे मलाच धीर देत बसतात आणि मग त्यांना धीर द्यायची पाळी माझ्यावर येते. माझ्या अंगात रक्त कमी आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं दाबून बघितली, आणि दुकानातल्या गव्हाच्या पोत्यात किडा सापडल्यावर तुमच्या मालकांचा, दादांचा, चेहरा होतो तसा त्यांचा झाला. बाळंत होताना रक्त जाणारच, आणि हिच्यात जायला आहे कुठं, असं त्या नर्सला हळूच म्हणाल्या. हळू म्हणाल्या म्हणजे मला ऐकू आलंच. दवाखान्याच्या पायऱ्या चढले तरी छाती भरून येते. माझ्या कार्डावर अजून 'जिल्हा उस्मानाबाद' छापलेलं आहे, त्यावर काट मारून पेनानं 'लातूर' लिहिलंय. जिल्हा नवा झाला, भिंतींना रंग लागला, पण पाऊस काही नवा आला नाही. बाळंतिणीबरोबर येणारे लोक घरून पाण्याची घागर घेऊन येतात. मी त्या घागरींकडे बघते आणि मला आपल्या आडावरची रांग आठवते.

दिवस गेल्याचं मी सगळ्यात आधी तुम्हाला सांगितलं होतं, ह्यांच्याही आधी. तुम्ही भाकरी थापत होतात. थोरल्या जाऊबाईंनी मिठी मारावी, निदान हसावं, अशी माझी अपेक्षा. तुमचा हात काही थांबला नाही. नुसतं म्हणालात, "उद्यापासून पाण्याला जायचं न्हाई." आणि खरंच, त्या दिवसापासून माझ्या वाटचं पाणी तुम्ही वाहिलंत. बाजारात हिरवं पान दिसेना तेव्हा परसात मोरीच्या पाण्यावर हातभर वाफ्यात मेथी लावलीत. ती मेथी फक्त माझी. भांडी राखेनं घासायची, साबण बंद, कारण ते पाणी मेथीला जायचं. दादांनी एकदा सहज दोन काड्या तोडून तोंडात टाकल्या, तर तुम्ही त्यांच्याकडे असं काही बघितलंत की ते जेवायचं सोडून दुकानात जाऊन बसले. चारा मिळेना म्हणून गल्लीतली जनावरं बाजारात गेली, आपली म्हैसही जाणार होती. दावं हातात धरून तुम्ही दारात उभ्या राहिलात. "पोटुशीला दूध कुठनं आणू मंग? दुकानातल्या डाळीचं काढू?" असं तुम्ही विचारलंत आणि म्हैस राहिली.

हे सगळं मी विसरलेले नाही. विसरलेले नाही म्हणूनच राग जास्त येतो.

उदगीरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला लाल गोळ्या दिल्या होत्या, लोहाच्या, रोज एक. गोळी पोटात गेली की मला मळमळायचं, सकाळभर तोंडाला गंजाची चव. तुम्ही माझे हाल बघितलेत आणि पुडी मागून घेतलीत. "माझ्यापाशी दे. तू नुसतं दूध पी, गोळीचं मी बघते." मला वाटलं, दुधात खलून देत असाल. रोज संध्याकाळी पेलाभर दूध यायचं, आणि गोळीची चव अजिबात नाही. अक्काच्या हाताला काय गोडी आहे, असं मी ह्यांना कौतुकानं सांगायची. एवढी शिकलेली मी, लातूरच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, गोळी विरघळल्यावर दूध पांढरं कसं राहतं हा प्रश्न काही मला पडला नाही.

मग तो आठव्या महिन्यातला दिवस. नर्सबाईंनी पापणी ओढून बघितली आणि विचारलं, गोळ्या घेतेस ना? घेते म्हटलं. शौचाला काळं होतं का? नाही म्हटलं. "मग तू गोळ्या घेत नाहीस," त्या म्हणाल्या. मी भांडून आले त्यांच्याशी. घरी आले, मागच्या दारानं आत शिरले, तर तुम्ही गोठ्यात. डाव्या हातात पेंडीचा गोळा, उजव्या हातात माझी पुडी. गोळी पेंडीत दाबलीत, म्हशीचं तोंड कुरवाळलंत आणि घास तिच्या तोंडात घातलात. किती मायेनं घातलात, ते आठवलं की अजून हसू येतं आणि रागही, दोन्ही एकदम.

"अक्का, गोळी म्हशीला?"

तुम्ही दचकलातसुद्धा नाही. "मंग? गोळी लई गरम असती. पोटुशीला झेपती व्हय? म्हशीच्या पोटातनं आली की तिची गरमी मरती, दुधात निस्ती ताकद उरती. तीच तुला देते की रोज."

"आणि रक्त कुणाचं वाढतंय? माझं की म्हशीचं?"

"तुझंबी वाढंल. सावकाश वाढंल."

मी ओरडले. तुम्ही शांत. मला सातव्या महिन्यापासून एकाच भाकरीवर का आणलंत, तेही त्या दिवशी बाहेर आलं. पोट भरून खाल्लं की लेकराला जागा राहत नाही, आणि गोळ्या खाल्ल्या की लेकरू फुगतं. "तू बारीक हायस. मोठं लेकरू तुला न्हाई सोसायचं." मी म्हटलं, डॉक्टर सांगतात नेहमीपेक्षा जास्त खा, डाळ खा, गूळ-शेंगदाणे खा. तुम्ही म्हणालात, "डाक्टर येणार हाय का तुझ्या जागी कळा द्यायला?" मी आणखी मोठ्यानं ओरडले. मग तुम्ही पुडी माझ्या हातात दिलीत. पदराला हात पुसलेत. "एक डाव सगळं सांगते तुला. आज न्हाई. आज तुझं डोस्कं तापलंय."

आपली भांडणं काही नवी नव्हती. चिकावरून तर आपण महिनाभर भांडत होतो. पहिले दिवस आईचं दूध बाळाला द्यायचं नाही, ते जड, पिवळं, पिळून टाकायचं, असं तुमचं म्हणणं. मी विचारलं, मग रेडकाला म्हशीचा चीक का पाजता? तुम्ही म्हणालात, न्हाई पाजला तर रेडकू धरत न्हाई. मग म्हटलं, माझं लेकरू रेडकापेक्षा वाईट आहे का? तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा तेच. बाळंतिणीला पाणी बेतानं द्यायचं ह्यावरून वेगळी लढाई. तुमचं एकीकडे हे चालू, आणि दुसरीकडे माझ्यासाठी डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा असं एकेक जमवून ठेवणं चालू. दुष्काळात खारीक कुठून पैदा केलीत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. त्या भांडणांची मला कधी भीती वाटली नाही. त्या वादांना उद्या होता. गोठ्यातल्या वादालाही असेल असंच मी धरून चालले होते.

त्याच आठवड्यात तुम्हाला उलट्या-जुलाब लागले. आडाचं पाणी तळाला गेलेलं, गाळून प्यायलो तरी त्याला वास यायचा. गल्लीत बऱ्याच जणांना झालं, उठले सगळे. तुम्हीही उठणार हे मी धरून होते. मी दारापर्यंत आले तर तुम्ही आतूनच म्हणालात, "तिला हिकडं येऊ देऊ नगा." आवाज असा होता की मी ओळखलासुद्धा नाही. दादांनी रिक्षा आणली, सलाईन लागलं, पण अंगातलं सगळं पाणी आधीच गेलेलं होतं. दुसऱ्यासाठी घागरी वाहणारी बाई अंगात पाणी नाही म्हणून गेली. मला हे कळतच नाही, अक्का. कितीही वेळा मनात घोळवलं तरी कळत नाही.

तुमची आई आली. रेणापूरकडच्या तुमच्या गावाहून, पुतण्याचा हात धरून. तुम्हाला मातीत ठेवून सगळे परत आले होते आणि अव्वांनी कडी काढली होती. म्हातारी कुणाजवळ न बसता सरळ माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या पोटावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या खाती व्हय गं तू?"

तुम्हाला एक मूल झालं होतं आणि ते राहिलं नाही, एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढचं कुणी बोलत नसे, आणि विचारावं असा तुमचा चेहरा कधी नसायचा. तुमच्या आईनं सांगितलं. मागच्या मोठ्या दुष्काळात तुम्ही पहिलटकरीण, माहेरी आलेल्या. गावाजवळ खडी फोडायचं काम निघालेलं. तिथं खायला सरकारी सुकडी वाटायचे, आणि एक नर्स पोटुशा बायकांना लाल गोळ्या द्यायची. "बाकीच्या बायका वढ्यात फेकायच्या. माझी पोरगी खायची. मीच ठेवायची तिच्या हातावर. सुकडीबी पोटभर खायची, दिलेलं वाया घालवू नये म्हनायची. लेकरू असलं भरलं म्हनून सांगू. मंग अडलं. दोन रोज अडलं. बैलगाडीत घालून लातूरला आनली, तवर लेकरू आतच गेल्यालं. पोरगी रगतात भिजल्याली. सुईन म्हनली, खाऊन खाऊन पोर फुगिवलं, आता निघतंय व्हय? पोरीनं त्येच धरलं. मला म्हनायची, अगं, माझ्या खान्यापायी गेलं गं ते."

हेच सांगणार होतात ना तुम्ही मला? "आज न्हाई" म्हणालात ते हेच. मी तुम्हाला अडाणी समजून ओरडत होते, आणि डॉक्टरांचं ऐकणारी त्या खडीच्या कामावरची एकटी बाई तुम्हीच होतात. गोळी तुम्ही फेकली नाहीत. ती वाया घालवणं तुम्हाला जमत नव्हतं, आणि मला देण्याची छाती होत नव्हती. मधे एक म्हैस सापडली.

आता माझं काय झालं ते ऐका. त्या दिवसापासून माझ्या हाताला गोळी जड व्हायला लागली. लातूरला आले, आई रोज आठवण करायची, आणि मी गोळी तोंडात धरून परसात जाऊन थुंकायची. एक भाकरी झाली की ताट सारायची. घेतली नाही तर रक्त नाही, घेतली तर लेकरू अडेल. पोट बोटभर पुढे आलेलं दिसलं की वाटायचं, फार वाढलं. दिवसभर हललं नाही तर वाटायचं, उपाशी ठेवून मीच मारलं. दोन्हीकडून मरण दिसत होतं आणि मधे मी, गिळावं तरी भीती, थुंकावं तरी भीती. असं आठ-पंधरा दिवस चाललं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पापणी ओढली आणि गोळ्या घेत नाहीस म्हणून सरळ रागावल्या. मग मी खुर्चीला धरून सगळं सांगितलं. तुमचं, गाडीचं, सुईणीचं, म्हशीचंही. म्हशीला त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, "गोळीनं बाळ फुगत नाही गं. गोळीनं आईचं रक्त भरतं. बाळ अडतं ते आईच्या कमरेचं हाड अरुंद असलं तर, किंवा बाळ आडवं-तिरकं असलं तर. तेव्हा वेळेवर पोट उघडून काढणारं कुणी जवळ असतं तर कदाचित वाचलं असतं." मग त्यांनी विचारलं, "दोन दिवस अडली होती म्हणतेस? एवढं रक्त गेलं, वर बैलगाडीचा प्रवास, आणि तरी ती बाई जगली?" मी हो म्हटलं. "मी काही तिला तपासलेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण अंगात रक्त होतं म्हणूनच जगली असणार. तिनं त्या गोळ्या फेकल्या असत्या तर दोघंही गेली असती." माझं बाळ डोक्यावर आहे, फार मोठं नाही, अडलंच तर आता इथं सोय आहे, असंही त्यांनी सांगितलं. दुधाबरोबर आणि चहाबरोबर गोळी घ्यायची नाही, लिंबू पिळून जेवायचं आणि मग घ्यायची. ते सगळं मी ऐकत होते, पण माझं लक्ष नव्हतं. मला पहिल्या यष्टीनं उदगीरला येऊन तुम्हाला सांगायचं होतं. मी उठलेसुद्धा. उभी राहिल्यावर आठवलं की तुम्ही नाही. मग मात्र रडले, नर्सच्या पदरात तोंड घालून रडले, आणि बाहेर बसलेल्या आईला वाटलं की आत काहीतरी भलतंच झालं.

इतकी वर्षं तुम्ही हे पोटात घेऊन स्वयंपाक केलात, अक्का. मूल आपणच खाल्लं असं समजून घरादाराला जेवायला वाढलंत. तुम्ही सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी का जेवायचात, ते मी कधी विचारलं नाही. थोरली सून अशीच जेवते असं वाटायचं.

काल तुमची आई इथं आली. मला बघायला, पुतण्याबरोबर. पदरात भाजलेले हरभरे आणि गुळाचा खडा बांधून. आईनं त्यांना चहा दिला. मला धीर होत नव्हता. सांगितलं तर त्यांना बरं वाटेल की जखम उघडेल, काही कळेना. शेवटी सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते सगळं सांगितलं, गोळ्यांनी लेकरू गेलं नाही, गोळ्यांनी तुमची पोरगी वाचली. म्हातारीनं चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मंग माझ्या पोरीला कुनी का न्हाई सांगितलं?"

नळाखाली रिकामी बादली, बाहेर टँकरचा भोंगा वाजला, आणि कुणी उठलं नाही.

माझं जेवण झालेलं होतं, गोळी ताटाजवळ कागदावर काढून ठेवलेली. त्यांनी ती बघितली. "दे हिकडं," म्हणाल्या. वाटलं, आता फेकतात. सांगितलेलं सगळं फुकट. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, नखानं खरवडून बघितली, बोटाला लागलेला लाल रंग निरखला. मग माझा तळहात ओढून त्यावर गोळी ठेवली आणि वरून माझी मूठ बंद केली. पाण्याचा तांब्या आईनं पुढे केला. गोळी घशाखाली उतरेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.